भाकरीचे माप आणि अंगावरची चरबी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला आणि मी ‘वजन’ असे सांगितले, तेव्हा त्यांना थोडे नवल वाटले. कामगार संघटनेच्या माणसाने मजुरीवर बोलावे, महागाईवर बोलावे, फार तर संपाचा इतिहास सांगावा; अंगावरच्या चरबीवर तो काय बोलणार? त्यांचे नवल रास्त होते. मी वैद्यकाचा अधिकारी नव्हे. माझे शाळेतले शिक्षण लवकर संपले. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि एस.टी.च्या प्रवासात. परंतु तीस वर्षे मजुरीचे हिशेब मांडता मांडता एक गोष्ट माझ्या पक्की ध्यानात आली आहे. मजुरीचा हिशेब खोलात नेला की तो अन्नाच्या हिशेबाला जाऊन मिळतो, आणि अन्नाच्या हिशेबाचा निकाल शेवटी माणसाच्या अंगावर उमटतो.

तो निकाल आज जुन्नर-आंबेगावात कोणालाही दिसण्यासारखा आहे. आमच्या सभेला येणाऱ्या चाळिशीपुढच्या माणसांच्या खिशात पूर्वी विडीचे बंडल असे. आता मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी असते. हात-पाय काटक्यांसारखे आणि पोट मात्र पुढे आलेले, असे कितीतरी लोक मला रोज भेटतात. त्यांना सल्ला देणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, तेल-तूप सोडा. दुसरा म्हणतो, भात-भाकरी सोडा. माणूस बिचारा दोहोंच्या मध्ये उभा राहून तिसराच चहा मागवतो.

या वादाचा इतिहास आधी थोडक्यात पाहू. लठ्ठपणाची चिंता नवी नाही. चरकसंहितेत निंद्य म्हणून जी आठ प्रकारची शरीरे सांगितली आहेत, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश ही दोन आहेत, आणि दोहोंत कृश बरा असा चरकाचा कौल आहे. अर्वाचीन काळात लंडनच्या विल्यम बँटिंगने १८६३ साली एक छोटी पुस्तिका काढली. हा गृहस्थ बड्या घराण्यांच्या अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारा व्यावसायिक होता. त्याचे वजन २०२ पौंड होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने पाव, लोणी, दूध, साखर, बटाटे आणि बिअर सोडली आणि वर्षभरात सुमारे ४६ पौंड वजन उतरवले. पिष्ट कमी करा, हा आजचा सल्ला असा दीडशे वर्षांहून जुना आहे.

विसाव्या शतकात पारडे दुसऱ्या बाजूला झुकले. अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी चरबीचा आणि हृदयरोगाचा संबंध मांडला, आणि १९६१ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने प्राणिज चरबी कमी करण्याचा सल्ला दिला. जॉन युडकिन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७२ साली उलट साखरेवर बोट ठेवले. त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. पुढे २०१६ साली जुनी कागदपत्रे उजेडात आली, तेव्हा असे दिसले की अमेरिकेतील साखर उद्योगाच्या एका संस्थेने १९६५ च्या सुमारास हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना पैसे देऊन साखरेवरचा दोष हलका करणारा आणि चरबीवरचा जड करणारा लेख लिहवून घेतला होता. ज्याच्या हाती माल, त्याच्या हाती मापही, हे आम्हां कामगारांना शिकवावे लागत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही हा वाद घरोघर झाला. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव व्याख्याने देऊन पोचवला : कडक भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवावे. ऋजुता दिवेकर यांचे म्हणणे, थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी, आपल्या मातीतले अन्न खावे, तुपाला भिऊ नये. २०१८ साली या दोन मतांवरून लग्नाच्या पंगतींतही फड रंगले. त्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ माणसांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी वर्षभर चरबी कमी केली, निम्म्यांनी पिष्ट कमी केले. पहिल्यांचे वजन सरासरी ५.३ किलो उतरले, दुसऱ्यांचे ६ किलो; म्हणजे मोठा फरक पडला नाही. दोन्ही गटांना मात्र साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, असे सांगितलेले होते. माझ्या मते या प्रयोगाने भांडणाचा निकाल पुरेसा लावला आहे.

परंतु माझा प्रश्न निराळाच आहे. बँटिंगने पाव सोडला तेव्हा त्याच्या ताटात दिवसातून तीन-चार वेळा मांस आणि मासळी आली. पाव सोडणे त्याला परवडत होते. हमालाने, ऊसतोडणीच्या बाईने किंवा हिरडा गोळा करणाऱ्या आदिवासीने भाकरी सोडली तर तिच्या जागी काय येणार, आणि त्याचे पैसे कोण देणार? आमच्या ताटात पिष्टच का उरले, हे समजल्याशिवाय ते कमी करण्याचा उपदेश पोकळ आहे. आणि ते समजण्यासाठी आपल्याच मुलखाचा इतिहास पाहावा लागतो.

आपल्या दोन तालुक्यांचे निसर्गानेच दोन भाग केले आहेत. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशीतील डोंगरपट्टी. तिथे महादेव कोळी समाजाने उतारांवर नाचणी, वरई आणि खुरासणी पिकवली, खाचरांत भात लावला. खुरासणीलाच आपण कारळे म्हणतो. तिचे तेल हीच तिथली चरबी. पूर्वेकडे पाऊस कमी. तिथे बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा आणि तेलासाठी करडई. म्हणजे दाणा, कडधान्य आणि तेलबी ही तिन्ही एकाच शिवारात उभी असत. मी जुन्या काळाचे गोडवे गात नाही. पोटभर खायला मिळत नसे, ही त्या काळाची मुख्य गोष्ट होती. परंतु जे मिळे त्यात भाकरीबरोबर हुलग्याचे माडगे आणि कारळ्याची चटणी होती, आणि खाल्लेले सारे दिवसभराच्या चढउतारात खर्ची पडे.

शेत पुरेना तेव्हा याच तालुक्यांतील माणूस मुंबईला गेला. मुंबईचे डबेवाले मुख्यतः खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या पट्ट्यातले. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी तो व्यवसाय उभा केला आणि १९५६ साली त्यांच्या संस्थेची रीतसर नोंदणी झाली. या धंद्याकडे जरा माझ्या नजरेने पाहा. घरचे चौरस जेवण डब्यांत भरून, पन्नास-साठ किलोंची पाटी डोक्यावर घेऊन, आमचा माणूस स्टेशनातून धावतो. आणि ते जेवण खुर्चीत बसलेला माणूस खातो. एकाच अन्नाच्या दोन टोकांना दोन शरीरे. वाहणाऱ्याच्या अंगावर चरबी नाही आणि खाणाऱ्याच्या अंगावरची उतरत नाही. चरबी ही नुसती खाण्याची गोष्ट नसून श्रमाच्या वाटणीची गोष्ट आहे, याहून उघड पुरावा मला ठाऊक नाही.

आता श्रमिकाच्या ताटाचे सरकारी माप कसे ठरले ते पाहू. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दक्षिणेत भयंकर पडला. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात लोक खडी फोडण्याच्या आणि रस्त्यांच्या कामांवर गेले. १८७७ च्या जानेवारीत हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी कामांची पाहणी करण्यास पाठवले. खर्च कमी करावयाचा होता. दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर मजुराचे भागते, असे माप त्यांनी काढले. मुंबई इलाख्यात मजुरी कापली गेली तेव्हा हजारो मजुरांनी दुष्काळी कामे सोडली. उपाशी माणसांनी केलेला हा संप आहे, बंधूंनो, आणि कामगार चळवळीच्या इतिहासात त्याला फार वरची जागा दिली पाहिजे. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रासेत तर सरकारचाच आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश या मापाविरुद्ध उभा राहिला, आणि काही महिन्यांनी तिथे माप वाढवावे लागले.

त्या एका पौंडाचा आजच्या शास्त्राने हिशेब करू. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. बाजरीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० उष्मांक असतात. म्हणजे पौंडभर धान्यात १,६०० च्या आसपास. हा आकडा ध्यानात ठेवा. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे, ज्यांचे नाव मघाशी आले त्याच अँसेल कीज यांनी, ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांना मिळत होते तेही सुमारे १,६०० उष्मांकच. त्यांचे वजन चौथ्या हिश्शाने घटले, अंगातली ताकद गेली, चिडचिड वाढली, आणि ध्यानीमनी अन्नाखेरीज काही उरले नाही. विज्ञानाने ज्याला उपासमारीचा प्रयोग म्हटले, ते आमच्या आजे-पणज्यांना खडी फोडण्याची मजुरी म्हणून दिले होते.

यातून दोन धडे निघतात. वजन झटपट उतरवण्यासाठी आज काही लोक आपखुशीने याच मापावर राहतात. ज्याला दिवसभर ओझी उचलायची आहेत त्याने तसे करू नये. दुसरा धडा अधिक महत्त्वाचा. त्या मापात डाळ, तेल, भाजी यांना जवळजवळ जागा नव्हती. गरिबाचे अन्न म्हणजे धान्य, आणि धान्य म्हणजे वजन, ही समजूत तिथे सरकारी कागदावर पक्की झाली. ती अजून पुसलेली नाही.

स्वराज्यात हे माप बदलण्याचा मोठा प्रयत्न झाला. जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचा ठराव केला. कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे पूर्वीचे संचालक डॉ. अ‍ॅक्रॉइड यांच्या शिफारशीवरून प्रौढ माणसामागे २,७०० उष्मांक, एका मिळवत्यामागे तीन खाणारी माणसे, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी वीस टक्के, असा तो हिशेब होता. १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी आदींसाठी आणखी पंचवीस टक्क्यांची भर घातली. आमच्या चळवळीने या ठरावाचा आधार घेऊन कितीतरी मागणीपत्रे लिहिली. मीही लिहिली आहेत, आणि हा ठराव श्रमिकाच्या सन्मानाचा आहे असेच मी मानतो.

परंतु त्यात एक फट राहिली. अ‍ॅक्रॉइड यांच्या मनात चौरस आहार होता. व्यवहारात मालकाच्या आणि सरकारच्या कागदावर राहिला तो २,७०० हा आकडा. आणि हा आकडा सर्वांत स्वस्तात कसा भरतो? पाऊण किलोहून थोड्या अधिक बाजरीत, किंवा तितक्याच तांदळात तो भरून निघतो. वर दोन मूठ साखर टाकली तर आणखी स्वस्त. उष्मांकाला जात नसते. प्रथिनाला मात्र किंमत असते. २०२० साली निघालेल्या मजुरी संहितेच्या केंद्रीय नियमांच्या मसुद्यातही २,७०० हाच आकडा आहे. ताटात काय असावे याचा भांडता येईल असा हिशेब अजून व्हावयाचा आहे.

पुढचा टप्पा १९७२ च्या दुष्काळाचा. तो आठवणारी माणसे या सभेत आहेत. मे १९७३ च्या सुमारास राज्यात पन्नास लाखांच्या घरात लोक दुष्काळी कामांवर होते. रेशनवर परदेशी तांबडी मायलो आली, कामावर सुकडी वाटली गेली. रोजगार हमी योजना त्याच काळात उभी राहिली आणि माणसे १८७७ सारखी मेली नाहीत. हे यश मोठे आहे. परंतु तेव्हापासून रेशनचा गहू आणि तांदूळ हाच गरिबाच्या पोटाचा पाया झाला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने बहुतेक लाभार्थींना माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम. हे धान्य नसते तर काय झाले असते ते मला माहीत आहे. त्यावर टीका करणाऱ्यांत मी नाही. परंतु डाळ आणि तेल त्या हक्कात नाहीत. उरलेले पोट बाजारात भरावे लागते, आणि बाजारात सर्वांत स्वस्त काय मिळते ते आपण जाणता : वडापाव, बिस्किटाचा पुडा आणि गोड चहा.

त्याच काळात आपल्या तालुक्यांचे रूप पालटले. येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी पाणी आणले. डिंभ्याच्या पाण्याखाली मूळचे आंबेगाव बुडाले, हे विसरून चालणार नाही. पूर्वेकडच्या बाजरीच्या शिवारात ऊस, द्राक्ष, टोमॅटो आले. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने उभे राहिले. हातात पैसा आला, मोटारसायकल आली, नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, खोऱ्याच्या जागी जेसीबी आला. हुलगा आणि कारळे मागे पडले. साखरेने या मुलखाला रोजगार दिला. साखर कामगारांच्या बैठकीत साखरेविरुद्ध बोलणे सोपे नसते, पण तिथेही मी हेच बोलतो.

आता शरीराचा जमाखर्च पाहा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला जड कामासाठी ३,४७० उष्मांक लागतात आणि बैठ्या कामासाठी २,११०. फरक १,३६० चा. पिठाच्या हिशेबात चार भाकऱ्यांचा. जो माणूस खोरे सोडून ट्रॅक्टरवर किंवा राखणदाराच्या खुर्चीवर बसला, त्याच्या ताटातल्या चार भाकऱ्या रोज जास्तीच्या झाल्या. भूक मात्र जुन्या सवयीने येते. त्यात चहाची भर. हमालीच्या ठिकाणी दिवसाला आठ कप चहा सहज होतो. कपाला दोन चमचे साखर धरली तर ऐंशी ग्रॅम साखर, तीनशेहून अधिक उष्मांक, आणि पोषण शून्य. उपवासाचीही तीच गत. सेलमहून येणारा साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. तो शेंगदाणा-बटाट्याबरोबर खाऊन आपण ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण खरी करतो.

परंतु सारा दोष आजच्या खाण्यावर टाकणेही अन्यायाचे होईल. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून आपल्याच जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडातील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळे स्नायूंनी दुबळी, परंतु कातडीखालची चरबी मात्र त्यांनी राखून ठेवलेली. ‘वरून बारीक, आतून चरबीदार’ असे हे शरीर. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळे मोठी निघाली. ज्यांच्यावर शेताचे आणि घरचे जड काम जास्त होते, त्यांची लहान. २००४ साली याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन (हे मघाचे युडकिन नव्हेत) यांचे छायाचित्र लॅन्सेट या वैद्यकीय पत्रात छापले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, परंतु इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराच्या अंगात २१.२ टक्के.

याचा अर्थ मी असा लावतो. पिढ्यान्पिढ्या अपुरे खाऊन अति राबलेल्या आईच्या पोटात हे शरीर घडते, आणि मग त्यावर स्वस्त साखर आणि मैदा येऊन पडतो. हमालाचे पुढे आलेले पोट म्हणजे त्याची चैन, असे कोणी म्हटले की मला राग येतो. ते त्याच्या आजीच्या उपासमारीचे व्याज आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के वाजवीपेक्षा जड आणि जवळजवळ १९ टक्के वाजवीपेक्षा कृश आढळल्या. पुष्कळदा या दोघी एकाच वाडीत शेजारी राहतात.

तर मग करावे काय? माझी मते मी स्पष्ट सांगतो. ती पटली नाहीत तर प्रश्न विचारावेत.

चरबीला भिण्याचे कारण नाही, पण मापात घ्यावी. माणशी दिवसाला वीस ते तीस ग्रॅम तेल, म्हणजे महिन्याला पाऊण किलोच्या आसपास, पुरे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या कढईतले तळण आणि वनस्पती तूप टाळावे. भाकरी सोडू नये. काम हलके झाले असेल तर ती अर्ध्यावर आणावी आणि त्या जागी उसळ, डाळ, पालेभाजी, जमेल त्याने अंडे वा मासळी घ्यावी. चहातली साखर प्रथम सोडावी, कारण तिला पैसे पडत नाहीत, उलट वाचतात. मी स्वतः याच रीतीने दीड वर्षात नऊ किलो वजन उतरवले. परंतु मला मटकी-मसूर रोज विकत घेता येते, आणि संध्याकाळी तासभर चालायला माझ्यापाशी वेळ आहे. बारा तासांची पाळी करून येणाऱ्याला तुम्ही पहाटे फिरायला जा म्हणणार काय? त्याला आधी आठ तासांची पाळी मिळवून दिली पाहिजे. झोप मोडलेल्या माणसाची भूक ताळ्यावर राहत नाही.

म्हणून पिष्ट कमी करणे ही नुसती पथ्याची गोष्ट नसून मागणीपत्रातली बाब आहे. वाट नवी नाही. पुण्याच्या हमाल पंचायतीने डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली आणि श्रमिकाला रास्त दरात भाकरी-झुणक्याचे जेवण दिले. कारखाने कायद्याने १९४८ सालीच २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची सोय सांगितली होती. पण तिथे काय शिजते हे आम्ही संघटनांनी कितीदा पाहिले? माझ्या चार मागण्या आहेत. वेतनाचा हिशेब उष्मांकांबरोबर डाळ, तेल, भाजी आणि दूध यांच्या बाजारभावाने व्हावा. रेशनच्या हक्कात डाळ आणि तेल यावे, आणि आपल्या भागात नाचणी-बाजरी मिळावी. म्हणजे डोंगरपट्टीतल्या शेतकऱ्यालाही गिऱ्हाईक मिळेल. प्रत्येक उपाहारगृहात बिनसाखरेचा चहा आणि वाटीभर उसळ मिळावी. आणि मजूर स्त्रीला गरोदरपणात जड कामातून, मजुरी न कापता, सुटका मिळावी. यांतली शेवटची मागणी मी सर्वांत वर ठेवतो, कारण तिच्यात पुढच्या पिढीचे शरीर आहे.

१८७७ साली उपाशी मजुरांनी एका पौंडाचे माप नाकारले. ते अडाणी होते, त्यांना उष्मांक ठाऊक नव्हते. पण आपले माप दुसऱ्याने असे ठरवू नये, एवढे त्यांना कळले होते. आज ताट भरलेले दिसते, म्हणून माप बरोबर आहे असे समजू नका. ताटात काय आहे आणि ते तसे का आहे, हे विचारण्याचा हक्क आपला आहे.